दहा बोटं लिहा

मी जेलमध्ये नोकरीला आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी अर्धं पाऊल मागे सरकतो आणि मग दुप्पट जवळ येतो. ‘मग काय काय बघायला मिळत असेल, नाही!’ ठाकुर्लीला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय संपला की लोक माझ्याकडे वळतात. त्यांना भुयार हवं असतं, गँगवॉर हवी असते. माझ्याकडे यातलं काहीएक नाही. मी जेलच्या दवाखान्यातला कंपाउंडर. अलीकडे सरकारने माझं बारसं करून ‘औषधनिर्माण अधिकारी’ असं भारदस्त नाव ठेवलंय, पण काम तेच. गोळ्या मोजायच्या, मलमाचे डबे भरायचे, थर्मामीटर झटकायचा.

तरी गोष्टी साठतात. औषधाच्या कपाटाला कुलूप असतं, गोष्टींना नसतं. सव्वीस वर्षांत इतक्या साठल्यात की बायको म्हणते, “आता त्यांना एक वेगळी बराक द्या!”

कुठलं जेल ते मात्र विचारू नका. नाव सांगून बदली ओढवून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही. आणि या गोष्टी तशा माझ्या नाहीतच. त्या आहेत आमच्या डॉक्टर प्रधान मॅडमच्या आणि वरिष्ठ जेलर मोकाशी साहेबांच्या. मॅडम पिढीजात ठाणेकर, राहायला वर्तकनगरला. चण बारीक, पण आवाज सहा नंबरच्या बराकीत स्टेथोस्कोपशिवाय ऐकू जातो. मोकाशी कोकणातले, राजापूरकडचे. नियमात नसेल तर शिंकसुद्धा परत पाठवतील असा माणूस. मी या दोघांच्या मधल्या टेबलावर बसतो.

*

मॅडम आल्या त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला दोन पोलीस एका पोराला घेऊन आले. कोर्टाने न्यायालयीन कोठडी दिलेली, कागद तयार, फक्त डॉक्टरांची सही बाकी. याआधी ही सही उभ्या उभ्या व्हायची.

मॅडमनी पर्समधून शिवणकामाची टेप काढली. “शर्ट काढ बाळा.” पाठ मोजली, दंड मोजला, मांडी मोजली. प्रत्येक वळ सेंटीमीटरमध्ये रजिस्टरला.

हवालदार म्हणाला, “मॅडम, पडलाय तो. जिन्यावरून.”

“किती वेळा?”

“एकदाच.”

“एकदा पडलेला माणूस पुढूनही सुजतो आणि मागूनही सुजतो? जिन्यात गिरकी घेतली का याने?”

हवालदाराने मोकाशींकडे पाहिलं. मोकाशींनी छताकडे पाहिलं. मॅडमनी रजिस्टर मिटलं. “आधी सरकारी हॉस्पिटलला दाखवा, तिथला रिपोर्ट आणा, मग मी आत घेते. कोर्टाने माणूस पाठवलाय. तो कुठे आणि कसा फुटला ते लिहून आल्याशिवाय माझ्याकडे जमा होणार नाही.”

गेले बिचारे परत. पुढच्या महिन्यात तोच हवालदार दुसऱ्या आरोपीला घेऊन आला. पोरगं अगदी ठणठणीत! मी सहज म्हटलं, “काय, आज जिना नव्हता वाटतं?” तर हवालदार हळूच म्हणाला, “नाही ओ. आमच्याकडे सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्या जेलला न्यायचा असेल तर हात आवरा. बाई टेप लावते!”

*

एकदा ठाण्याच्या एका लॉ कॉलेजने मॅडमना परिसंवादाला बोलावलं. विषय होता, ‘बंदिजनांचे मानवाधिकार आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातील राज्याची जबाबदारी’. बॅनर इतकं लांब की शेवटचे दोन शब्द भिंतीच्या कोपऱ्यातून वळले होते. मॅडमबरोबर मोकाशी आणि मीही गेलेलो. मोठमोठे वक्ते. करार, कलमं, परिशिष्टं. मोकाशी वहीत सगळं उतरवून घेत होते, मी पंख्याकडे बघत होतो.

मॅडमची पाळी आली तेव्हा चहा आलेला होता. त्या म्हणाल्या, “मी चारच मिनिटं घेते. तुमच्यापैकी किती जणांची मुलं पाळणाघरात जातात?” बरेच हात वर. “सकाळी मूल सोडता तेव्हा हसत असतं. संध्याकाळी आणायला जाता तर कपाळाला टेंगूळ. पाळणाघरवाल्या बाई म्हणतात, मला काय माहीत कसं झालं, सिद्ध करा मी मारलं म्हणून. ऐकून घ्याल?”

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. एक बाई तर उभ्या राहूनच म्हणाल्या, “अजिबात नाही! त्यांनीच सांगायला पाहिजे!”

“बस,” मॅडम म्हणाल्या. “जगातल्या देशांनी मिळून एवढंच लिहून ठेवलंय. ज्याच्या ताब्यात माणूस, त्याने उत्तर द्यायचं. आत काय झालं हे सिद्ध करायला आतल्या माणसाला सांगायचं नाही.” आणि खाली बसल्या.

परतीच्या वाटेवर मोकाशी वही चाळत होते. माजिवड्याचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, “मॅडम, मी सात पानं लिहिली. तुमचंच लिहायचं राहिलं.”

*

ते सगळ्या देशांनी मिळून केलेले कैद्यांसाठीचे किमान नियम मॅडमनी स्वतःच्या हाताने मराठीत उतरवले होते आणि माझ्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. खोकल्याचं औषध काढायला दार उघडलं की समोर नियम! बाहेरच्या माणसाला जो उपचार मिळतो तोच आतल्याला मिळाला पाहिजे, ही ओळ लाल शाईत.

त्याच सुमाराला बाळाराम आला. मानपाड्याच्या पुढच्या गावातला शेतकरी, साठीला टेकलेला. बांधावरून मेव्हण्याशी भांडण, काठ्या निघाल्या, मेव्हण्याचं डोकं फुटलं, केस झाली. जामीन मंजूर व्हायची वाट बघत आत. मॅडमनी तपासला. शुगर भयंकर. पावलांना टाचणी लावली तरी कळत नव्हतं. मॅडमनी मला लिहायला सांगितलं, “दोन्ही पाय अखंड, बोटं दहा, जखम नाही. याला अनवाणी चालू द्यायचं नाही. जखम झाली तर याला कळणार नाही, आणि पाय जाईल.”

पण बाळारामच्या चपलांना लोखंडी बक्कल होतं. लोखंड आत चालत नाही. मोकाशींनी घड्याळ आणि चांदीच्या अंगठीबरोबर चपलाही जमा करून घेतल्या, पावती फाडली. बाहेरून आणायला परवानगी नाही, स्टोअरमधल्या चपला संपलेल्या, मागणी गेलेली.

मॅडमनी कपाटाचं दार उघडून नियमावर बोट ठेवलं. मोकाशी म्हणाले, “मॅडम, आदर आहे. पण हे परदेशातलं. आपल्याकडे नाही चालत.”

“मोकाशी, इन्सुलिन पण परदेशातच शोधलं. चालतं ना?”

मोकाशींनी त्याच दिवशी मागणीचं दुसरं पत्र पाठवलं, ‘तातडीचे’ असा शिक्का मारून. चपला तरीही तीन आठवडे आल्या नाहीत.

*

इन्सुलिन म्हटलं की आमचा फ्रिज आठवतो. तो बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज वर गेला आणि वरच राहिला. मेमधला उकाडा, बाळारामचं इन्सुलिन ठेवायचं कुठे? आवारात ज्यांच्या घरी फ्रिज होता असे सगळ्यात जवळचे मोकाशी.

“सरकारी औषध खासगी फ्रिजमध्ये? कुठल्या नियमाने?” मोकाशी म्हणाले.

“कैदी सरकारचा, त्याची शुगर सरकारची, इन्सुलिन सरकारचं. मग फ्रिज तेवढा काय तुमच्या सासऱ्यांचा?”

“हो,” मोकाशी गंभीरपणे म्हणाले, “सासऱ्यांनीच दिलाय.”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी मी स्वतः जाऊन मोकाशी वहिनींना विचारलं. त्यांनी एका शब्दाने नियम विचारला नाही. वरचा कप्पा रिकामा केला, सोडे आणि सुरमई खाली हलवली, आणि पोरांना दम दिला, “वरच्या कप्प्याला हात लावलात तर बाबांना सांगून आत टाकीन!” आठ दिवसांनी अशी परिस्थिती झाली, की मी इन्सुलिन न्यायला गेलो की वहिनी दारातच विचारायच्या, “कालची शुगर किती आली हो त्यांची?” कधीही न पाहिलेल्या माणसाची! मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं.

*

आता मोकाशींच्या गिनतीबद्दल सांगायलाच पाहिजे. जेलमध्ये सकाळ-संध्याकाळ डोकी मोजतात. सगळ्यांनी दोन-दोनच्या जोड्या करून बसायचं, जेलर मोजत जातो, टोटल जुळली की कुलूप. मोकाशींची टोटल कधीही चुकत नाही. सवय इतकी अंगात भिनलेली, की डोंबिवलीला पुतणीच्या लग्नात जेवणाची गर्दी झाली तर हे स्टेजवरून ओरडले, “जोडीने बसा! हलू नका!” आणि वरपक्ष बसला! मोकाशी मोजत गेले आणि शेवटी केटररला म्हणाले, “टोटल बरोबर. वाढा.”

पण त्याच टोटलने आम्हाला एकदा दगा दिला. मॅडम लेकीच्या बाळंतपणासाठी चार दिवस रजेवर होत्या. बाळाराम इंजेक्शनला आला नाही. बराकीतून निरोप आला, झोपलाय. मी इन्सुलिन वॉर्डबॉयबरोबर तिकडेच पाठवून दिलं. स्वतः उठून गेलो नाही. ही माझी चूक, आणि ती मला आजही बोचते. मोकाशी रोज दोनदा त्या बराकीत जात होते. बाळाराम कांबळं पांघरून पडलेला, शेजारचा त्याच्याजवळ बसलेला. एक जोडी. टोटल बरोबर.

मॅडम आल्या, कांबळं बाजूला केलं. उजव्या पायाला रुपयाएवढं भोक, करंगळी काळी पडलेली. यार्डातल्या तापलेल्या फरशीने भाजलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता! अंगात ताप फणफणलेला.

मला वाटलं आता मॅडम सगळं जेल डोक्यावर घेतील. त्या ओरडल्या नाहीत. मोकाशींना हळू आवाजात विचारलं, “काल टोटल किती होती?”

मोकाशींनी आकडा सांगितला.

“त्यातले उठून उभे किती राहिले?”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांच्या गिनतीत एक नवीन आकडा आला. “टोटल बरोबर. न उठलेले तीन.” आणि त्या तिघांची नावं माझ्या टेबलावर. कुठल्याही नियमात हा रकाना नव्हता. मोकाशींनी तो पट्टीने आखून घेतला.

*

बाळारामला हॉस्पिटलला हलवायचं ठरलं, तर गार्ड नाही. बंदोबस्त कुठेतरी, पोलीस तिकडे, गाडी दुरुस्तीला. पहिला दिवस नाही. दुसरा दिवस नाही. मॅडम दर चार तासांनी पट्टी बदलत होत्या आणि काळेपणा किती सरकला ते त्या टेपने मोजत होत्या. बाळारामची बायको हिराबाई मुलाखतीला आली तेव्हा काचेपलीकडून तिने एकच विचारलं, “बाय, पाय राहील ना त्याचा?” मॅडम आत पट्टी बदलायला वळल्या. डॉक्टर असून खोटं बोलायला त्यांना जमत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोकाशींना पोलीस मुख्यालयाला पत्र लिहायला बसवलं आणि मजकूर स्वतः सांगितला. “गार्ड उपलब्ध नसल्याचे कळले. सदर बंद्याचा पाय कापावा लागल्यास आमच्या रजिस्टरमध्ये ‘कारण’ असा रकाना आहे. गार्ड नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचे पूर्ण नाव व हुद्दा कळवावा, म्हणजे रकाना भरता येईल. प्रत संबंधित न्यायालयास.”

मोकाशींचा पेन थांबला. “मॅडम, नाव मागायचं?”

“रकाना रिकामा सोडू? तुम्हाला चालेल?”

रिकामा रकाना! मोकाशींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पत्र पूर्ण केलं, स्वतः घेऊन गेले. दोन तासांत गाडी दारात, चार पोलीस. गार्डच्या प्रमुखाने सही करताना मला बाजूला घेतलं. “साहेबांनी सांगितलंय, हवे तेवढे गार्ड न्या. फक्त कुणाचं नाव लिहू नका!”

*

सगळ्यात शेवटची गोष्ट मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी सांगत नाही.

बाळाराम हॉस्पिटलला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलाखतीचा वार होता. हिराबाई गावाहून दोन रिक्षा बदलून आली. गेटवर तिला सांगितलं, तुमचा माणूस इथे नाही, हॉस्पिटलला आहे, ऑपरेशन होईल. बाई रडली नाही. कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला आणि मोकाशींच्या टेबलावर ठेवला. बाळारामने मुलाखतीच्या वेळी शिपायाकरवी तिच्याकडे दिलेली, जमा केलेल्या वस्तूंची पावती. घड्याळ एक, अंगठी चांदीची एक, चपला जोड एक, बक्कलसह.

“घड्यालाची पावती हाय,” ती म्हणाली. “अंगठीची हाय. चपलांची हाय. मंग माज्या मानसाची पावती कुठं हाय?”

मोकाशी म्हणाले, “बाई, माणसाची पावती नसते.”

“का नसते? चपल हरवली तं तुमी भरून द्याल. मानूस हरवला तं मी कोनाला इचारू?”

मी शेजारी बसलेल्या मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी लेटरहेड पुढे ओढलं, पेन उघडलं. एवढ्यात मोकाशी म्हणाले, “मॅडम, तुम्ही नाही. तो माझ्या ताब्यात आहे.”

आणि मोकाशींनी, नियमाबाहेर न शिंकणाऱ्या मोकाशींनी, पावतीपुस्तक काढलं. कार्बन घातला. लिहायला लागले. ‘एक माणूस मिळाला. नाव बाळाराम. वय साठ. हात दोन. पाय दोन.’ इथे ते थांबले.

“मॅडम, पायाची बोटं किती लिहू? ऑपरेशन आहे. आज दहा लिहिली आणि उद्या कमी भरली तर?”

“आला तेव्हा किती होती?”

“दहा.”

“मग दहा लिहा.”

मोकाशींनी दहा लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात. सही केली. मी ती पावती हिराबाईला वाचून दाखवली. तिने ती चपलांच्या पावतीवर ठेवली, दोन्ही एकत्र गुंडाळल्या आणि गेली.

पाय वाचला. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं. मॅडम त्या दिवशी दवाखान्यात आल्या आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

महिन्याभराने बाळारामला जामीन मिळाला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुटका. हिराबाई गेटवर हजर. मोकाशींनी घड्याळ दिलं, अंगठी दिली, चपला दिल्या, सही घेतली. मग हिराबाईने दुसरी पावती काढली, बाळारामला बाकावर बसवलं, आणि सगळ्यांच्या देखत खाली बसून त्याच्या पायाची बोटं मोजली. एक पाय, मग दुसरा. उजव्या पायाची करंगळी नव्हती.

“यक कमी हाय,” ती म्हणाली.

मॅडम समजावायला पुढे झाल्या, की संसर्ग किती वर चढला होता, एका बोटावर कसं निभावलं. सगळं खरं होतं. मोकाशींनी हात वर करून त्यांना थांबवलं. पावती मागून घेतली आणि कागदाच्या पाठच्या बाजूला उभ्या उभ्या लिहिलं. मग ती माझ्याकडे दिली, वाचून दाखवा म्हणून.

मी वाचलं, “माणूस परत केला. उजव्या पायाचे बोट एक कमी. जबाबदारी सरकारची.”

हिराबाईने विचारलं, “सरकार म्हंजे कोन?”

गेटवरचे दोन शिपाई माझ्याकडे बघायला लागले. मी मॅडमकडे. मॅडम मोकाशींकडे.

मोकाशींनी माझ्या हातातून कागद घेतला. टेबलावर ठेवला. ‘सरकारची’ या शब्दावर पट्टीने एक सरळ रेघ मारली आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. थोडा विचार केला आणि खाली पत्ता लिहिला. जेलचा नाही, क्वार्टरचाही नाही. रिटायर झाल्यावर राहायचं म्हणून डोंबिवलीत घेतलेल्या फ्लॅटचा. बिल्डिंगचं नाव, मजला, फ्लॅट नंबर.

मग ड्रॉवर उघडला आणि त्यावर जेलचा गोल शिक्का मारला.